आवाजाआडचा आवाज

मी मिक्सिंगचे काम करतो असे सांगितले की आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजूनही खोबऱ्याची चटणी आठवते. विनोद जुना आहे, पण अगदीच निरर्थक नाही. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये खोबरे, मिरची, कोथिंबीर घातली की ती एकजीव व्हावी लागते. माझ्या मिक्सरमधून बाहेर पडताना मात्र खोबरे खोबरे म्हणून आणि मिरची मिरची म्हणून ओळखू यायला हवी, आणि तरीही चटणी एकच लागली पाहिजे. सिंथेसायझरच्या आवाजांच्या बाबतीत हे काम सर्वांत अवघड का होते आणि 'इक्वलायझर' नावाचे साधन तिथे नेमके काय करते, हे या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी मी माझ्याच एका फसलेल्या कामाचा आधार घेणार आहे. दुसऱ्याच्या फसलेल्या कामाचे सगळे आकडे हाती लागत नाहीत. माझ्या कामाचे माझ्याकडे आहेत.

काही वर्षांपूर्वी एका नदीवरच्या माहितीपटाला मी संगीत दिले. पैसे बेताचे, त्यामुळे वादक बोलावण्याचा प्रश्न नव्हता. सगळे सिंथेसायझरवर करायचे ठरले. पट्टी पांढरी सहा. म्हणजे मध्य सप्तकातला सा २२० हर्ट्झचा, मंद्रातला ११० चा आणि त्याच्याही खालचा ५५ चा. सर्वांत तळाला मी बेस ठेवला : ५५ हर्ट्झचा सा, लांबवर धरलेला. त्यावर पॅड. पॅड म्हणजे सिंथेसायझरवाल्यांची गादी. सा, प आणि वरचा सा, म्हणजे ११०, १६५ आणि २२० हर्ट्झ असे तीन स्वर एकत्र दाबून धरलेले, हळूहळू उमलणारे आणि हळूहळू विझणारे. आणि त्या गादीवर बसायला एक धून, मध्य सप्तकातल्या सा पासून प पर्यंत फिरणारी. तिन्ही आवाज मी एकेक करून निवडले होते. प्रत्येक एकटा वाजला की खोली भरून जात होती.

तिन्ही एकत्र ऐकवल्यावर दिग्दर्शिका जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, छान आहे. पण धून कुठाय?"

धून तिथेच होती. पडद्यावर तिची रेघ हलताना दिसत होती. मी तिची पातळी तीन डेसिबलने वाढवली. मग बेस दुबळा वाटायला लागला, म्हणून तो वाढवला. मग पॅड विरळ वाटला. संध्याकाळपर्यंत तिन्ही आवाज सहा-सहा डेसिबलने वर चढले होते, संगणकावरचा लाल दिवा लागला होता आणि धून होती तिथेच होती. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते. ते छत आहे; त्याला डोके आपटले की आवाज फाटतो. भांडणाऱ्या तिघांनी एकाच वेळी आवाज चढवला तर कोणाचे काय म्हणणे आहे ते कळत नाही, हे मला चाळीत वाढल्यामुळे ठाऊक असायला हरकत नव्हती.

हे असे का होते याचे अर्धे उत्तर वाद्यात आहे आणि अर्धे कानात. आधी वाद्याचे पाहू.

बहुतेक सिंथेसायझरांची सुरुवात अगदी थोड्या लहरींपासून होते. त्यांतली सर्वांत आवडती लहर करवतीच्या दात्यांच्या आकाराची असते. तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे उपस्वर असतात. दुसऱ्याचा जोर मूळच्या निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, चौथ्याचा एक चतुर्थांश. दुसरी लोकप्रिय लहर चौकोनी. तिच्यात फक्त विषम उपस्वर असतात. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला पहिला सिंथेसायझर दाखवला आणि १९७० साली सुटसुटीत मिनीमूग आला, तेव्हापासून पद्धत अशी की या भरगच्च लहरीतून फिल्टरने नको ते काढून टाकायचे आणि उरेल तो आपला आवाज. मूर्तिकार दगडातून काढतो तसे. (१९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ने वेगळी वाट धरली. एका लहरीने दुसरीला हलवून उपस्वर निर्माण करण्याची ती युक्ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची. पण ते वेगळे प्रकरण आहे.)

याचा अर्थ, माझे तीन 'वेगवेगळे' आवाज एकाच कणकेची पोळी, पुरी आणि पराठा होते. बेसचा सा ५५ चा, तर त्याचा दुसरा उपस्वर ११०, तिसरा १६५, चौथा २२०. हेच तीन आकडे वर पॅडच्या स्वरांचे म्हणून येऊन गेले आहेत. म्हणजे पॅड जे वाजवत होता ते बेसने आधीच वाजवून ठेवले होते. पॅडचे उपस्वर २२०, ३३०, ४४०. आणि धुनेचा सा २२० चा, प ३३० चा. धून गंधारावर गेली की तरी सुटेल म्हणावे, तर तिथेही बेसचा पाचवा उपस्वर, ५५ गुणिले ५ म्हणजे २७५ हर्ट्झ, वाट अडवून उभा. तंबोरा चांगला लागला की न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. त्यात भर अशी की कीबोर्डवरचा गंधार २७५ चा नसून २७७ च्या जरा वर असतो, त्यामुळे तिथे सेकंदाला दोनदा एक मंद लहर उठत होती. मला ती नदीच्या पाण्यासारखी वाटून आवडलीही होती. काम बिघडत असताना माणूस त्याला काव्यात्म अर्थ देतो तो असा.

खऱ्या वाद्यांचे असे सहसा होत नाही. सारंगीचे कातडे, सतारीचा भोपळा, बासरीची नळी यांना प्रत्येकी आपापले अंग असते आणि ते अंग काही ठरावीक पट्ट्यांतले उपस्वर उचलून धरते, बाकीचे दाबते. सतारीच्या तारेवर नखीचा आघात होतो आणि आवाज लगेच उतरू लागतो, म्हणजे मागच्याला जागा मिळते. पॅडला आघातही नाही आणि उतारही नाही. तो बसला की बसला. शिवाय सिंथेसायझरमध्ये भरून दिलेले तयार आवाज असे बेतलेले असतात की दुकानात एक कळ दाबली तरी गिऱ्हाईक खूश व्हावे. एकट्याने मैफल मारण्यासाठी घडवलेले तीन गवई मी एका तक्तपोशीवर बसवले होते.

सिंथेसायझरवर स्वतंत्र ओळी स्पष्ट ठेवता येतात याचे दोन पुरावे मला नेहमी आठवतात. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली 'स्विच्ड-ऑन बाख' केले तेव्हा मूगचा सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असे. त्यामुळे बाखच्या रचनेतली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाजवून, मुद्रित करून, एकावर एक रचावी लागली. यंत्राच्या या पंगूपणामुळे प्रत्येक ओळीचा रंग मुद्दाम वेगळा घडवला गेला आणि ओळ ओळ निराळी ऐकू येते. दुसरा पुरावा आपल्या मुंबईतला. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा ती फारशी कोणी विचारली नाही. २०१० साली पुन्हा निघाल्यावर मात्र जगभरच्या मंडळींच्या लक्षात आले की शिकागोतल्या 'ॲसिड हाउस' म्हणवल्या जाणाऱ्या संगीताशी हिचे विलक्षण साम्य आहे, आणि ही त्याच्या काही वर्षे आधीची आहे. हे साम्य, हा मान, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यातली जागा आवडते. रोलंड कंपनीची तीन यंत्रे : तालाला टीआर-८०८, खालच्या ओळीला टीबी-३०३, रागाला ज्युपिटर-८. ८०८ चा खर्जातला ठोका जवळजवळ निव्वळ एका स्वराचा, उपस्वर नसल्यासारखाच. ३०३ मध्ये एकच लहर आणि तिच्यावर फिल्टर. राग वर मोकळा. मध्ये गादी घालून ठेवण्याचा मोह तिथे दिसत नाही. मी ही तबकडी माहितीपटाच्या आधी ऐकली असती तर कदाचित पॅडच घातला नसता.

आता कानाकडे येऊ.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो हे सगळ्यांनाच माहीत असते. पाटा वाजत असताना फोनवर बोलणाऱ्याला तर असतेच. पण कोण कोणाला झाकतो याला नियम आहे. आल्फ्रेड मेयर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १८७६ साली नोंदवले की खालचा दणकट स्वर वरच्या स्वराला पार पुसून टाकू शकतो, पण वरचा स्वर कितीही चढवला तरी खालच्याला तसे पुसता येत नाही. १९२४ साली वेगेल आणि लेन यांनी या झाकण्याची पद्धतशीर मोजमापे केली. ही माणसे टेलिफोनच्या धंद्यातली होती. तारेतल्या खरखरीखाली बोलणे किती बुडते हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

कारण कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते, कर्णावर्त. तिच्यातला पडदा उलगडून सरळ केला तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. दाराजवळच्या टोकाला बारीक स्वर ऐकू येतात, पार आतल्या टोकाला जाड. आवाजाची लाट दारातून आत शिरते आणि आपापल्या जागी पोहोचून विरते. ही वाटचाल दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. जाड स्वराची लाट शेवटच्या मुक्कामाला जाताना वाटेतल्या सगळ्या बारीक स्वरांच्या जागा हलवत जाते. बारीक स्वराची लाट दारातच विरत असल्याने आतल्यांना तिचा उपद्रव नाही. पॅसेंजर गाडीत दारापासून आतपर्यंत ट्रंक नेणारा प्रवासी जसा सगळ्यांचे गुडघे दुखावत जातो, तसा माझा ५५ हर्ट्झचा बेस धुनेच्या गुडघ्यांवरून जात होता.

शिवाय या नळीत जागा मोजक्या आहेत. हार्वी फ्लेचर यांनी १९४० च्या सुमारास आणि पुढे जर्मनीत एबरहार्ट झ्विकर यांनी दाखवले की कान सगळी श्रवणकक्षा काही पट्ट्यांत विभागून ऐकतो आणि एका पट्ट्यात आलेले आवाज एकमेकांना सर्वाधिक झाकतात. झ्विकर यांच्या १९६१ च्या मोजपट्टीत असे २४ पट्टे आहेत. ५०० हर्ट्झच्या खाली प्रत्येक पट्टा ढोबळमानाने १०० हर्ट्झ रुंद, म्हणजे तिथे पाचच खोल्या. संगीताच्या दृष्टीने पाहिले तर या पाच खोल्यांत तीन-साडेतीन सप्तके राहतात. माझ्या पॅडचा मंद्र सा आणि त्याचा प यांच्यात अंतर ५५ हर्ट्झचे. एकाच खोलीत मावतील एवढे. हेच सा-प दोन सप्तके वर वाजवले तर त्यांच्यात २२० हर्ट्झचे अंतर पडते आणि दोघांना स्वतंत्र खोली मिळते. पेटीवर मंद्रात दोन-तीन स्वर एकदम दाबले की जो लगदा होतो, आणि तार सप्तकात तेच स्वर सुरेख का वाटतात, त्याचे कारण हे. मी बेस, त्याचे आठ उपस्वर, पॅडचे तिन्ही स्वर, त्यांचे पहिले काही उपस्वर आणि धुनेचा पाया असे सगळे बिऱ्हाड त्या पाच खोल्यांत कोंबले होते.

इक्वलायझर या शब्दात 'समान करणे' आहे, आणि त्याचा जन्मही त्याच कामासाठी झाला. टेलिफोनच्या लांब तारेतून जाताना आवाजातले वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त झिजत. पलीकडच्या टोकाला ही झीज भरून काढून सगळे पुन्हा सारखे करणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. पुढे तो चित्रपट आणि रेडिओच्या ध्वनिमुद्रणात आला आणि त्याचे काम उलटले. १९५१ च्या पुल्टेक यंत्रावर मोजक्या ठरावीक कंपनसंख्या निवडून त्या वाढवता किंवा कमी करता येत. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 'पॅरामेट्रिक' इक्वलायझरवरचा शोधनिबंध मांडला, आणि आज प्रत्येक संगणकात असतो तो त्याचाच वंशज. त्याला मुख्य बटणे तीन. कुठे हात घालायचा, किती वाढवायचे किंवा कमी करायचे, आणि किती रुंद पट्ट्यावर. तिसऱ्याला क्यू म्हणतात. क्यू एक ठेवून ४०० हर्ट्झवर हात घातला तर ४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा हलतो. क्यू दहा ठेवला तर फक्त ४० चा. असमान करण्याचे इतके नेमके हत्यार त्याआधी ध्वनिमुद्रकाच्या हाती नव्हते.

हे सगळे ज्ञान मला त्या दिवशी पुस्तकी रूपात होतेच. पुस्तकात होते आणि हातात नव्हते. म्हणून मी एका ज्येष्ठ ध्वनिमुद्रकांना बोलावले. त्यांना आम्ही काका म्हणतो. टेपच्या जमान्यातले, इंग्रजी गाण्यांपासून कीर्तनापर्यंत सगळे केलेले.

काका आले, चहा घेतला आणि पहिल्यांदा त्यांनी आवाज इतका कमी केला की पंख्याचा आवाज जास्त येऊ लागला. मोठे स्पीकर बंद केले आणि कोपऱ्यातला एकच लहान चौकोनी स्पीकर चालू केला. आवाज लहान केला की कानाला खालचे स्वर मधल्यांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली त्याचे आलेख काढले आहेत. उरतो तो मधला सांगाडा. आणि एकच स्पीकर का, तर डावीउजवीकडे वाटून दिलेले आवाज कानाला सहज वेगळे करता येतात आणि खरे भांडण लपून राहते. "हे लोक फोनवरच बघणार ना रे शेवटी?" काका म्हणाले.

मग त्यांनी पॅड बंद केला. धून एकदम समोर आली. पॅड सुरू, बेस बंद. धून थोडी सुधारली आणि पॅडही सुधारला. "मग? धुनेचा काय दोष?" त्यानंतर अर्ध्या तासात त्यांनी जे केले त्यात धुनेला हातही लावला नाही.

बेसवर त्यांनी इक्वलायझर लावलाच नाही. सिंथेसायझरचाच फिल्टर अडीचशे हर्ट्झच्या आसपास खाली ओढला आणि बेसचे वरचे उपस्वर विझवले. बेसची लाट अजूनही वाटेतून जाणारच होती, पण तिच्याबरोबरचे लटांबर गेले. मुळातच जे काढता येते ते मागून कापू नये, असे त्यांचे म्हणणे. मला ते आजही पटते. आवाज बदलणे, सप्तक बदलणे, एखादा स्वरच काढून टाकणे हे इक्वलायझरच्या आधीचे उपाय आहेत.

पॅडवर मात्र त्यांनी सुरी चालवली. १८० हर्ट्झच्या खाली उतार दिला, सप्तकाला बारा डेसिबलचा. हिशेब केला तर ११० चा मंद्र सा त्यामुळे सुमारे नऊ डेसिबलने खाली जातो, म्हणजे जवळपास गेलाच. मी घाबरलो, गादीचा पायाच काढला. पण तिन्ही एकत्र वाजवल्यावर मंद्र सा ऐकू येतच होता. थोडा तो बेसच्या दुसऱ्या उपस्वरातून येत होता, आणि थोडा कुठूनच येत नव्हता. २२०, ३३०, ४४० हे उपस्वर पोहोचले की मेंदू ११० चा पाया स्वतः मांडतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे, आणि पुरुषाच्या बोलण्याचा पाया १२० च्या आसपास असतो. तो तारेतून पलीकडे जातच नसे. तरी कोणाच्या वडिलांचा आवाज फोनवर आईसारखा वाटला नाही. पॅडच्या बाबतीत काकांनी याच उदारतेवर भिस्त ठेवली होती. ऐकणाऱ्याला सगळा आवाज द्यावा लागत नाही. ओळख पटण्यापुरता दिला की बाकीचा तो भरून घेतो.

तिसरी गोष्ट अगदी किरकोळ दिसणारी. धुनेचा स्वच्छपणा जिथे आहे तिथे, म्हणजे दीड हजार हर्ट्झच्या आसपास, पॅडमध्ये त्यांनी एक रुंद, उथळ खळगा केला. क्यू एक, खोली साडेतीन डेसिबल. पॅड एकटा ऐकला तर हा फरक नवख्याला कळणारही नाही. एकत्र ऐकल्यावर दिग्दर्शिका उठून उभी राहिली.

यात एक सापळा आहे आणि नवीन मुले त्यात हटकून पडतात. एकेक आवाज वेगळा ऐकण्याचे 'सोलो' नावाचे बटण असते. काकांनी कापलेला पॅड मी सोलोवर ऐकला तेव्हा तो झिजलेल्या धोतरासारखा विरविरीत वाटला आणि माझा हात आपोआप तो दुरुस्त करायला निघाला. काकांनी चापट मारली. दुसरा सापळा म्हणजे 'शोधमोहीम' : एक अरुंद पट्टा दहा-बारा डेसिबल वाढवून खालून वर फिरवायचा आणि जिथे वाईट वाटेल तिथे कापायचे. दहा डेसिबल वाढवल्यावर प्रत्येकच जागा वाईट वाटते. अशाने चाळण होते आवाजाची. आता धून वाजेल तेवढ्यापुरताच पॅडमधला पट्टा आपोआप खाली घेणारे इक्वलायझर मिळतात. मी ते वापरतो. चांगला पेटीवादक गायकाची तान संपेपर्यंत भाता धरून ठेवतो, तेच ते.

इथेच थांबलो असतो तर हे काम फसले नसते.

काका गेल्यावर रात्री मी हेडफोन लावून बसलो. धून आता वेगळी ऐकू येत होती, पण मला ती जरा मळकट वाटली. वरची चकाकी कमी. मी तिच्यावर ४००० हर्ट्झला पाच डेसिबल वाढवले. छान वाटले. तसेच पाठवून दिले. पंधरा दिवसांनी एका छोट्या सभागृहात पहिले प्रदर्शन झाले. नदीच्या उगमाचे दृश्य, धून सुरू झाली आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर कानावर घेतला. दिग्दर्शिकेने नंतर सौम्य शब्दांत सांगितले, "दादा, आता ती टोचतेय." मी सभागृहाच्या स्पीकरांना दोष दिला. घरी येऊन फाइल ऐकली. मला काहीही टोचले नाही.

कान तपासून घ्यायला मला त्यानंतर चार महिने लागले. तपासणीचा आलेख सरळ होता, फक्त ४००० हर्ट्झला एक खड्डा : डाव्या कानाला ४५ डेसिबल, उजव्याला ३५. डॉक्टरांनी विचारले, "मोठ्या आवाजात काम केलंय का?" तरुणपणी अकरा वर्षे मी गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, डाव्या हाताला स्पीकरची भिंत घेऊन. कानाची बाहेरची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, ती स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपास घुमते आणि आवाज वाढवते. त्यामुळे गोंगाटाचा पहिला मार त्याच्या जरा वर, चार हजारांच्या भागात बसतो. तिथल्या बारीक केशपेशी मेल्या की पक्ष्यांमध्ये पुन्हा उगवतात. माणसात नाही.

ही तपासणी मला इक्वलायझरविषयी कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते ते सांगून गेली. मी धुनेतली उणीव भरत नव्हतो. माझ्या कानातला खड्डा भरत होतो, आणि तो भराव सभागृहातल्या धडधाकट कानांवर जाऊन पडला. जुन्या टेलिफोनवाल्यांची गोष्ट होती ती नेमकी हीच : तारेत झिजते तेवढे वाढवायचे. फक्त माझ्या बाबतीत झिजलेली तार डोक्याच्या आत होती आणि ऐकणारे तिच्या या टोकाला होते. दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. अशा कानात आवाज नुसता कमी येत नाही. पट्टेही रुंद होतात. शेजारच्या दोन खोल्यांमधली भिंत पडते आणि एका आवाजाने दुसऱ्याला झाकणे वाढते. लग्नाच्या हॉलमध्ये समोरचा माणूस काय बोलतो ते कळेनासे झाल्याला मला तोपर्यंत दोन-तीन वर्षे झाली होती. मी मान डोलवून वेळ मारून नेत असे आणि ते वयावर ढकलत असे. आवाज वेगळे करून विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या जेवणाच्या पंगतीत आवाज वेगळे करता येत नव्हते.

माहितीपटाची धून मी दुरुस्त करून दिली. पाच डेसिबल परत काढले. काकांनी ठेवली होती तशी ठेवली. काम मी सोडलेले नाही. कापाकापीचा मोठा भाग हजार हर्ट्झच्या खाली असतो आणि तिथे माझा आलेख अजून सपाट आहे. पाच खोल्यांतली गर्दी मी आता पहिल्यापेक्षा लवकर ओळखतो. वरच्या भागासाठी एक मुलगी माझ्याबरोबर बसते, चोवीस वर्षांची. तिला मी ऑर्केस्ट्राला जाताना कानात बोळे घालायला लावतो, म्हणून ती माझ्यावर वैतागलेली असते.

मागच्या महिन्यात एका नाटकाचे पार्श्वसंगीत करत होतो. दोन सिंथेसायझर, एक घंटेसारखा, एक श्वासासारखा. खालचे सगळे मी मोकळे करून घेतले होते आणि मला ते पुरे वाटत होते. ती म्हणाली, "सर, घंटेत चार हजारला अजून दोन जास्त आहेत. श्वास जातोय तिच्याखाली." मी डोळे मिटून तीनदा ऐकले. मला काही फरक कळला नाही. दोन डेसिबल कमी केले आणि पुढच्या प्रवेशाला लागलो.